डोळ्यात भरलेला किल्लीवाला

डोळ्यांच्या दवाखान्यातली अपघाताची खोली थेट रस्त्याच्या दाराला लागून होती. तिथे येणारा माणूस बहुतेक वेळा एक डोळा मुठीत धरून यायचा आणि दुसऱ्यातून घळाघळा पाणी वाहत असायचं, तेव्हा त्याला जिने चढायला लावण्यात काही अर्थ नव्हता. त्या खोलीचा सगळा कारभार सिस्टरच्या हाती होता. तिचं खरं नाव दवाखान्यात कुणाला चटकन आठवत नसे, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नसे. पन्नाशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आईबरोबर राहणारी बाई. कामात चोख, बोलायला फटकळ. आलेल्याचा ती आधी डोळा बघायची. चेहरा नंतर, सवड मिळाली तर.

किल्लीवाला पहिल्यांदा आला तो दार खांद्यानं ढकलून. दोन्ही तळहात उजव्या डोळ्यावर दाबलेले. आत येऊन तो खुंटीवर टांगलेल्या पांढऱ्या कोटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, मी मेलो."

"तो कोट आहे," सिस्टर म्हणाली. "इकडे बसा. आणि हात काढा बघू आधी. चोळलात का?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"सकाळपासून."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. मग त्याला खुर्चीत बसवून विचारलं, तेव्हा कळलं की कोपऱ्यावरच्या किल्ल्यांच्या दुकानात यंत्रावर किल्ली घासताना काहीतरी उडालं होतं. डोळा उघडवत नव्हता. तिनं खालची पापणी अलगद ओढून एक थेंब टाकला. "झोंबेल जरा."

झोंबलं. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू असा फुलत गेला की बाकावर बसलेले लोकही बघत राहिले.

"गेलं! सिस्टर, गेलं की!" तो उठलाच. "काय हात आहे तुमचा! येतो मी."

सिस्टरनं त्याची कॉलर धरून त्याला परत बसवलं. "कुठे निघालात? दुखणं गेलंय. कण तिथंच आहे."

डॉक्टरीणबाई आल्या. वयानं सिस्टरच्या निम्म्या, पण हात असा स्थिर की बघत राहावं. सिस्टरनं जखमेवर रंग चढवणारी नारिंगी टोकाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवली, दिवा निळा केला, आणि हनुवटी टेकवायच्या यंत्रातून बघितलं तर काळ्या भागावर हिरवा चमकता ओरखडा, आणि त्याच्या मधोमध लोखंडाचा ठिपका. डॉक्टरीणबाईंनी तो सुईच्या टोकानं उचलला. मग वरची पापणी कापसाच्या काडीवर उलटी करून तिच्या आतही बघितलं. एक कण सापडला म्हणजे दुसरा नसेलच असं नसतं.

"एवढासा?" किल्लीवाला खट्टू झाला. "मला वाटलं, निदान वाटाण्याएवढा असेल."

जाताना त्याला थेंबांची ती बाटली हवी होती. मलम नको म्हणाला, तीच द्या.

"ती घरी न्यायची नसते," सिस्टर म्हणाली. "दुखणं कळेनासं झालं की माणूस डोळा खुशाल चोळत बसतो. शिवाय त्या थेंबांनी जखमही भरेनाशी होते. असला थेंब रोज घालून डोळा घालवून बसलेली माणसं बघितलीत मी."

"मग बाटली राहू दे," तो गंभीरपणे म्हणाला. "मलाच इथे ठेवून घ्या."

आणि सिस्टरला हसू फुटलं. साधंसुधं नाही, आतून उसळी मारून आलं. ती घाईघाईनं कपाटाकडे वळली आणि बोळ्यांच्या डब्यात तोंड घालून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. या खोलीत सिस्टर हसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तपासायला आला तेव्हा जखम भरत आली होती. दोन्ही डोळे उघडून त्यानं सिस्टरकडे नीट बघितलं.

"काल तुम्ही दोन दिसत होता."

"आणि आज?"

"आज एकच. जरा वाईट वाटलं."

त्या दिवशी सिस्टर घरी गेली ती बसमधून उतरायचं विसरून, पार शेवटच्या थांब्यापर्यंत.

नंतर काही दिवसांनी खोलीतला फोन वाजला. सिस्टरचे दोन्ही हात एका आजींच्या पट्टीत गुंतलेले, म्हणून तिनं कोपरानं स्पीकरचं बटण दाबलं.

"सिस्टर, मी किल्लीवाला! डोळ्यात गंज काढायचं औषध उडालं! आग आग होतेय! निघालोच मी!"

"अजिबात निघायचं नाही!" सिस्टर इतक्या जोरात ओरडली की आजी दचकल्या. "दुकानात नळ आहे?"

"आहे."

"डोकं त्याच्याखाली घाला. आत्ता! दुखऱ्या डोळ्याची बाजू खाली करा, म्हणजे ते पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. बोटांनी पापण्या फाकून धरा आणि धार नाकाकडून बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. फोन शेजारी ठेवा."

फोनमधून धबधब आवाज आला. मग गुळण्या करत बोलल्यासारखा आवाज. "गार आहे हो!"

"असू दे. अर्धा तास हलायचं नाही. आणि बोलत राहा. गप्प झालात तर मी समजेन, नळ बंद केला."

"क्काय बोलू?"

"काहीही. घरी कोण कोण असतं?"

हे तिनं आपलं वेळ भरून काढायला विचारलं होतं. पण खोलीत बाकावर बसलेल्या सगळ्यांचे कान टवकारले. ज्यांना डोळे मिटून ठेवायला सांगितलं होतं, त्यांनीसुद्धा माना वळवल्या.

"कुणी न्नाही," नळाखालून आवाज आला. "बायको गेली, त्याला बरीच व्वर्षं झाली. एक मांजर आहे. तेही शेजाऱ्यांचं."

"स्वयंपाक कोण करतं?" आजींनी विचारलं.

"हा कोणाचा आव्वाज?"

"आजी आहेत. उत्तर द्या," सिस्टर म्हणाली.

"मीच करतो! आमटी बरी होते. पोळ्यांचे नकाशे होतात."

"पापणी सुटली का हातातून?"

"नाही, नाही. धरलीय."

बाकावरच्या एका गृहस्थांनी वय विचारलं. त्यानं सांगितलं. आजींनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि सिस्टरकडे बघून पसंतीची मान हलवली. सिस्टर लाल झाली. पट्टीचा एक वेढा जास्तच बसला.

"तुम्हाला आवडतं काय काय?" आजींनी पुढचा प्रश्न टाकला.

"सिस्टर."

फोनमधून नुसतं पाणी वाहत होतं.

"म्हणजे," नळाखालचा आवाज घाबरून म्हणाला, "सिस्टर सांगतील ते!"

त्यावर जो हशा पिकला तो बाहेर रांगेपर्यंत गेला. आजी हसून हसून रडायला लागल्या आणि त्यांची नवी पट्टी भिजून पुन्हा बांधावी लागली. सिस्टर मात्र भिंतीकडे तोंड करून उभी, घड्याळाकडे बघत, खांदे गदगदा हलताहेत. "अजून दहा मिनिटं!" ती कशीबशी म्हणाली.

तो आला तेव्हा कमरेपर्यंत ओलाचिंब होता आणि चालताना बुटांतून पाणी पचपचत होतं. सिस्टरनं औषधाचा अंश उरलाय का ते दाखवणारी कागदाची पट्टी डोळ्याच्या कडेला टेकवून तिचा रंग बघितला, अजून जरा धुतलं, पुन्हा बघितला; रंग जागेवर आला तेव्हाच हात थांबवले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वरवरचं आहे, भरून येईल. न धुता आधी इथं पळत आला असतात तर वाटेतच डोळा भाजून निघाला असता."

"ह्यांनी वाचवलं," तो म्हणाला.

"पाण्यानं," सिस्टर म्हणाली.

"तेच ते."

दुसऱ्याच संध्याकाळी सिस्टर त्याच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. छतापर्यंत किल्ल्या टांगलेल्या, पायाखाली पितळेचा आणि लोखंडाचा चुरा, आणि मध्ये तो, हातात कानस घेऊन उठून उभा राहिला तर डोक्यावरच्या शंभर किल्ल्या खणखणल्या. तिनं पिशवीतून गॉगल काढून त्याच्या हातात दिला. उन्हाचा नव्हे, कामाचा, कडांनी बंद, गालाला घट्ट बसणारा.

"हा घातल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही."

"तुम्ही स्वतः आणलात?"

"मग काय, उडत आला?"

त्यानं तो चढवला आणि काढलाच नाही. तो घालून किल्ल्या केल्या, तो घालून बाजारात गेला, भाजीवाल्याशी घासाघीस केली, शेजाऱ्यांकडच्या लहानग्याच्या वाढदिवसाला त्याच अवतारात फोटोत उभा राहिला. रस्त्यात सिस्टर दिसली की लांबूनच गॉगलवर बोट टकटक वाजवून दाखवायचा. आणि डोळ्यांत काही जाईना. कण नाही, शिंतोडा नाही. दवाखान्यात यायला कारणच उरलं नाही.

सिस्टरला आधी अभिमान वाटला, मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. दार वाजलं की ती मान वर करायची. कधी चेंडू लागलेला, कधी डोळ्यात चिकट गोंद गेल्यामुळे पापण्या जुळून बसलेला कुणी यायचा. ती पापण्या न ओढता कोमट पाण्याचा बोळा धरून बसायची, आणि मनात म्हणायची, काय बाई आहे मी, बरं असलेल्या माणसाची वाट बघते.

तिच्या आईचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. त्यामुळे आईला आता सगळंच दिसत होतं, कोपऱ्यातली जळमटंसुद्धा.

"भाजीत साखर घातलीस," आई जेवताना म्हणाली.

"चुकून."

"काल चहात मीठ होतं. कोण आहे?"

"कुणी नाही गं."

आईनं शांतपणे घास गिळला. "त्या कुणी-नाहीचा डोळा आता कसा आहे?"

सिस्टरला असा ठसका लागला की आईनं उठून तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि घालता घालता दोघीही हसत सुटल्या.

मग एका दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात केकचं खोकं. गॉगल नव्हता. खोलीत नेमकं दुसरं कुणी नव्हतं.

"डोळ्याला काही झालेलं नाही," दारातूनच त्यानं जाहीर केलं. "आज दुसरंच काम आहे."

सिस्टरनं हातातला बोळा खाली ठेवला. ती पुढे आली. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं, घसा खाकरला. "सिस्टर, गेले कित्येक दिवस मी म्हणतोय, म्हणजे मनात म्हणतोय..."

ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. अगदी जवळून, टक लावून, श्वास रोखून. त्याला वाटलं, जमलं! त्याचा आवाज चढला. "...की आता या वयात एकमेकांना..."

"हलू नका," सिस्टर म्हणाली.

"मी कुठे हलतोय?"

"गॉगल कुठे आहे?"

"खिशात. त्याचे वळ उठतात हो चेहऱ्यावर. म्हटलं, आजच्या दिवशी तरी..."

"आज हातोडी मारलीत कुठे?"

तो चकित झाला. "तुम्हाला कसं कळलं? वाटेत एका बाईंचं कुलूप अडकलं होतं. छिन्नी लावून दोन घाव घातले. टिच्च झालं काहीतरी डोळ्यापाशी, पण दुखत नाहीये. जरासं पाणी येतंय, बस्स."

सिस्टरनं त्याचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि उजव्यासमोर बोटं धरली. त्याला किती आहेत ते सांगता येईना. धुक्यातून बघतोय असं म्हणाला. पांढऱ्या भागाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका, बस्स. पण उजवी बाहुली गोल नव्हती. ती त्या ठिपक्याकडे ओढली जाऊन थेंबासारखी लांबट झाली होती. हातोडीचा किंवा छिन्नीचा कपचा गोळीसारखा उडून डोळा भेदून आत गेला होता, आणि इतका बारीक, इतक्या वेगानं, की दुखलंही नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम सपाट ठेवला. "डोळ्याला हात लावायचा नाही. दाबायचं नाही. घट्ट मिटायचंही नाही."

"हे 'हो' समजू का मी?"

"आधी बसा!"

तो बसला. तिनं थेंब टाकला नाही, मलम लावलं नाही, धुतलं नाही. अशा डोळ्यात काही घालायचं नसतं. नेहमीचं कडक झाकण कपाटात सापडेना. तिनं पाण्याचा कागदी पेला घेतला, त्याचा बुडाकडचा भाग कापून घेतला, आणि कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला कुठेही लागणार नाही असा बेतानं ठेवून चिकटपट्टीनं बसवला.

त्यानं उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलं. डोळ्यावर पेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट. "लग्न कराल का माझ्याशी?"

"तोंडात काही घातलंय का सकाळपासून?"

"हे काय उत्तर झालं? नाही. भीतीनं जेवलोच नाही."

"छान. आता केक नाही, पाणी नाही, काही नाही. भूल द्यावी लागेल." आणि दाराकडे वळून तिनं हाक मारली, "डॉक्टर! लवकर या!"

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाईंनी एकदाच दिवा टाकून बघितलं आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत निरोप धाडला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, उलटी होऊ नये म्हणून दुसरं झालं, कारण जोर लागला तर डोळ्यातलं बाहेर येतं. डोक्याचे फोटो काढले, त्यात लोखंडाचा बारकासा कपचा पांढराशुभ्र चमकला.

"शिंक आली तर?" स्ट्रेचरवरून किल्लीवाल्यानं विचारलं.

"येऊ द्यायची नाही," सिस्टर म्हणाली. ती शेजारून चालत होती आणि त्याचा हात तिच्या हातात होता. तो कधी धरला ते तिलाही आठवत नव्हतं.

वरच्या मजल्यावर दारात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी अडवलं. "बरोबर कोण आहे यांच्या? नातेवाईक?"

"तेच तर विचारत होतो मघापासून!" किल्लीवाला कळवळून म्हणाला.

"मी," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही इथल्या सिस्टर. नातं काय?"

सिस्टरनं एकदा त्या पेल्याकडे बघितलं. "होणारी बायको."

स्ट्रेचरवरचा माणूस एकदम उठून बसायला गेला. "झोपा!" दोन्ही डॉक्टर आणि सिस्टर एकदम ओरडले. तो झोपला, पण पाय काही स्वस्थ बसेनात. चादरीखाली अंगठे नाचत होते. तशाच नाचत्या अंगठ्यांनिशी त्याला आत नेलं.

दार बंद झालं. तिनं आईला फोन केला. बोलायला गेली तर रडूही येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला धडपडत होती. आईनं बराच वेळ ऐकून घेतलं. "म्हणजे तू हो म्हणालीस ते त्याला सोडून भूलवाल्याला?" तिनं विचारलं. "येते मी. काही खाल्लंस का?" खोलीत केक आहे म्हटल्यावर आई टॅक्सी करून आली.

दोघी बाहेर बाकावर बसून राहिल्या. आई अधूनमधून तिच्या हातात केकचा तुकडा कोंबायची आणि सिस्टर तो नकळत खायची. डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या तेव्हा सिस्टरच्या तोंडात घास होता. तिला विचारताही येईना.

"कपचा निघाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम शिवलीय. डोळा वाचला. आतल्या भिंगाला धक्का लागलाय, ते पुढे बदलावं लागेल, आणि नजर अगदी पहिल्यासारखी होईल असं मी आज सांगत नाही. पण दिसेल. बरंच दिसेल. उशीर झाला असता तर हेही बोलता आलं नसतं." मग खोक्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हा कसला केक?"

"लग्न ठरलंय," आई म्हणाली. "घ्या."

डोळ्यावर बारीक बारीक भोकांचं झाकण लावून तो घरी निघाला, त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी सूचना दिल्या. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, औषधाचे थेंब वेळेवर.

"हसायचं?" त्यानं विचारलं.

"हसा. पण बेतानं."

हे अवघडच होतं. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, हे त्याला तोवर कळलं नव्हतं. त्यानं पाणी ओतलं ते पेल्याच्या शेजारी, नीट, एक धार, सगळं टेबलावर. सिस्टरच्या हातात हात द्यायला गेला तो हवेत. जिना उतरताना ती एक पायरी पुढे राहिली, तरी तळाशी येऊन त्यानं नसलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि सैनिकासारखा धाडकन आपटला. दोघंही कठड्याला धरून उभी राहिली, हसू दाबत, डोळे मिटायचे नाहीत हे एकमेकांना सांगत, आणि ते सांगताना पुन्हा हसत.

आई फाटकाशी टॅक्सी थांबवून उभी होती. तिनं होणाऱ्या जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फटकळ आहे हं ही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"ओरडते."

"तिच्या ओरडण्यावरच वाचलोय मी, आई."

आईचं समाधान झालेलं दिसलं. सगळी आत बसली. टॅक्सीवाला बोलका होता, गाडी सुरू करता करता त्यानं विचारलं, "काय, आज विशेष काही?"

"लग्न ठरलंय यांचं," आई अभिमानानं म्हणाली.

टॅक्सीवाल्यानं आरशात आधी डोळ्यावरचं ते झाकण बघितलं. मग सिस्टरकडे बघितलं. मग पुन्हा झाकणाकडे. आणि एक शब्द न बोलता, दोन्ही हात चाकावर ठेवून, अतिशय जपून गाडी पुढे घेतली.

"बेतानं," मागच्या सीटवर सिस्टर कुजबुजली. "बेतानं हसा. बेतानं!" पण तिचं तिलाच जमत नव्हतं.